कुंडीतल्या लाल बिया

आमच्या कॉलेजातल्या एका तरुण मॅडमना गेल्या महिन्यात क्षयरोग असल्याचं कळलं. त्यांनी मला जिन्यात गाठलं, इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्हालाही झाला होता ना? तुम्ही कसं निभावलंत?" मी म्हटलं, "नीट निभावलं नाही." त्या हसल्या. त्यांना तो माझा विनय वाटला असावा. पुढे काही बोलायच्या आत तासाची घंटा झाली, म्हणून राहिलेलं लिहून देते आहे. बऱ्या झालेल्या बाईनं लिहिलेलं असलं, तरी यात शौर्य वगैरे काही सापडायचं नाही.

एक्सरे

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी कोल्हापुरात एका ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवत होते. आम्ही शिवाजी पेठेच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहत होतो. मी, माझे मिस्टर सुरेश, सासूबाई आणि चार वर्षांची मनू. सुरेश पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. सकाळच्या एसटीनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे.

दीड महिना खोकला होता. खडूची धूळ, असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचे. संध्याकाळी अंग तापायचं. ब्लाउज सैल झाले तेव्हा स्टाफरूममधल्या बायकांनी विचारलं, "काय मंगल, डाएट करतेस काय?" मला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

छातीच्या डॉक्टरांनी एक्सरेची फिल्म खिडकीकडे धरली आणि डाव्या बाजूला बोट ठेवलं. म्हणाले, "बरा होणारा आजार आहे, घाबरू नका. फक्त औषध एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. बरं वाटलं तरी नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी पहिल्या वाक्यापाशीच थांबले होते. 'बरा होणारा' म्हणजे आत्ता 'झालेला' आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रिक्षात सुरेशनी एक्सरेचं पाकीट पायाशी उभं धरलं. मग म्हणाले, "कॉलेजात कावीळ झालीया म्हणून सांगायचं. पेठेत बी तेच." मी हो म्हटलं. घरी पोचलो तर मनू दारातून धावत आली. मी हात आडवा धरून तिला थांबवलं. ती थांबली आणि आपल्या फ्रॉककडे बघायला लागली, कुठं काही सांडलंय का म्हणून.

कप

त्याच दिवशी मी माझं ताट, वाटी आणि एक कप बाजूला काढून खिडकीत ठेवला. सासूबाईंनी ते पाहिलं.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते, शाळेत कधी गेल्या नाहीत. जन्म लोकांच्या शेतात भांगलण-खुरपणी करण्यात गेला. आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेल्यांपैकी. त्या कप उचलून माझ्यासमोर आल्या.

"ह्यो कप हितं का?"

"आत्ती, माझ्यामुळं तुम्हाला व्हायला नको."

"डाक्टरनं सांगितलं का कप येगळा ठेव म्हणून?"

डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. हा रोग खोकल्यातून पसरतो, भांड्यांतून नाही, तोंडावर रुमाल धरा आणि पंधरा दिवस पोरीला लांब झोपवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"मग? माझ्या सासऱ्यानं गावात हाटेलाच्या भाईर कोनाड्यातला कप धुवून च्या प्यालाय. मी बघितलंय. ह्या घरात कुणाचा कप येगळा व्हायचा न्हाय. मेलो तर समदी मिळून मरू की!"

त्यांनी माझा कप सगळ्या कपांत मिसळून टाकला. मी मात्र दांड्याला टवका गेलेला एक कप मनाशी ठरवला आणि कुणाला कळू न देता त्यातूनच चहा पीत राहिले. त्या माउलीचा तेवढाही मोठेपणा मला पचला नाही. मला आजारी माणूस म्हणून वेगळं पडायचंच होतं की काय, कुणास ठाऊक.

रांग

पहिले दोन महिने रोज सुई. दवाखान्यात सकाळी साडेआठला रांग लागायची. बायका पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मीही तशीच बसायचे, कारण बारावीच्या एखाद्या पोराची आई भेटेल ही धास्ती. कंपाउंडर मात्र नाव असं खणखणीत पुकारायचा की रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालाही कळावं.

सुई देणाऱ्या सिस्टर वयस्क होत्या. सुई टोचायच्या आधीच म्हणायच्या, "झालं बाई, झालं." रोज. मला ठाऊक असायचं की अजून झालेलं नाही, तरी त्या 'झालं'वर माझा खांदा सैल पडायचा. त्या दोन महिन्यांत मला ज्यानं बरं वाटलं अशा गोष्टी फार नाहीत, पण ही एक आहे.

आणि गोळ्या. सकाळी उपाशीपोटी चार, त्यात एक मोठी लाल कॅप्सूल. ती घेतली की तासाभरात पोटात ढवळायला लागायचं. लघवी लाल व्हायची, घामानं ब्लाउजच्या काखेत डाग पडायचे. वर दिवसभर घरातलं प्रत्येक माणूस विचारणार, "घेतलीस का?" सुरेश एसटीला पळता पळता, आत्ती भाकरी थापता थापता. मनूही बोबड्या बोलात विचारायची. 'घेतली' हा शब्द मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन! आजारानं मी थकले नाही तितकी त्या शब्दानं थकले.

बरं वाटायला लागल्यावर

तिसऱ्या महिन्यात ताप गेला, खोकला गेला. वजन भरलं. मी कॉलेजात जायला लागले. काविळीला उसाचा रस चांगला, पन्हाळ्याची हवा चांगली, असे सल्ले घेतले. मनू पुन्हा माझ्या कुशीत झोपायला लागली. तिच्या केसांचा वास कितीतरी दिवसांनी आला आणि मला वाटलं, संपलं सगळं.

ज्या दिवशी मी पहिली कॅप्सूल टाकली, त्या दिवशी माझ्यावर कुठलंही संकट कोसळलं नव्हतं. पहिल्या तासाला वर्गात उलटीचा उमाळा आवरत उभं राहायचं नव्हतं, एवढंच. आत्तींसमोर गोळ्या तोंडात घातल्या, कॅप्सूल जिभेखाली धरली, पाणी प्याले आणि खिडकीतल्या झेंडूच्या कुंडीला पाणी घालायला गेले. बोटानं मातीत भोक केलं, कॅप्सूल आत ढकलली आणि वरून पाणी घातलं. दहा दिवस फक्त ती लाल. मग पांढऱ्या गोळ्याही. मग रोजच.

असं करू नये हे मला कळत नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. पण मला त्या दिवसांत कशाचाच विचार करायचा नव्हता. थकलेलं माणूस वाईट असतं असं नाही, पण ते खोटं फार सहज बोलतं. मी रोज सकाळी 'घेतली' म्हणत होते आणि आत्ती म्हणायच्या, "शानी माजी बाय."

कविता

बारावीला मुक्तछंदातली कविता शिकवताना मी एक ठरलेलं वाक्य फळ्यावर लिहायचे. प्रतीकामुळे कवीला जे उघड बोलता येत नाही ते बोलता येतं. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत रसग्रहणात लिहायची आणि मी अर्धा गुण द्यायचे. इतकी वर्षं ते वाक्य लिहिलं, पण माझ्यासाठी म्हणून कधी वाचलं नाही.

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी विभागप्रमुख इनामदार सरांनी प्रत्येकाकडून काहीतरी मागितलं. मी ऑफ तासाला बसून एका दमात कविता लिहिली. ती अशी:

रोज सकाळी
मी एक लाल बी पेरते
खिडकीतल्या कुंडीत
आणि पाणी घालते तुमच्यादेखत.
तुम्ही म्हणता, शहाणी आहे.
माझा कप मी ओळखते,
तुम्हाला ओळखता येत नाही.
एक दिवस उगवेल
तेव्हा विचारू नका
हे कोणी पेरलं म्हणून.

आजही ती वाचली की अंगावर काटा येतो. त्यात एक अक्षर खोटं नाही. मी सगळा कबुलीजबाब लिहून, खाली नाव घालून छापायला दिला होता. आणि कुणालाही तो कळणार नाही याची मला पक्की खात्री होती, कारण ती कविता होती. आम्ही शिकलेली, शिकवणारी माणसं. समोर 'बी' लिहिलं असलं तर ते बी सोडून बाकी सगळं असू शकतं असं आम्हीच पोरांना शिकवलेलं.

रसग्रहण

अंक निघाला आणि रविवारी इनामदार सर घरी आले. पेठेतली सगळी माणसं फुटबॉलच्या मॅचला गेली होती, सुरेशही. ग्राउंडावरचा गलका घरापर्यंत येत होता. सर खुर्चीवर बसले. आत्ती आतल्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मनू त्यांच्या मांडीला डोकं लावून पडली होती. दोन दिवस ती किरकिर करत होती, जेवत नव्हती. माझाही खोकला आठ दिवसांपासून परत सुरू झाला होता. तोही मी खडूवर ढकलला होता.

"मॅडम, तुम्ही इतकं चांगलं लिहिता आणि लपवून ठेवलंत?" सर म्हणाले. मग त्यांनी कविता मोठ्यानं वाचली. सरांचा आवाज भारदस्त, अगदी पाठ्यपुस्तकातली कविता वाटावी असा. पिशवीतून चार कागद काढले. माझ्या कवितेचं रसग्रहण त्यांनी लिहून आणलं होतं, कुठल्याशा मासिकाला पाठवायला.

"लाल बी म्हणजे विद्रोह," ते म्हणाले. "खिडकी म्हणजे समाजानं तुम्हाला ठेवलेली जागा. आणि तो कप! मॅडम, त्या कपात शेकडो वर्षांचा अपमान आहे. 'तुमच्यादेखत' हा शब्द तर थेट आम्हाला उद्देशून. कवयित्रीचं आत्मचिंतन इथं समूहाचं चिंतन होतं."

सर भला माणूस. डोळे भरून आले होते त्यांचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना माझ्या घराण्याचा सगळा इतिहास दिसत होता. समोर बसलेली, गालफडं पुन्हा बसायला लागलेली, रुमालात खोकणारी बाई तेवढी दिसत नव्हती. त्यांना दोष कसा देऊ? मीच त्यांना कावीळ सांगितली होती.

आणि मी काय केलं? मान डोलावली. म्हटलं, "सर, तुम्ही अगदी नेमकं पकडलंत." मला कौतुक हवं होतं. आजारपणात कीव पुष्कळ मिळाली होती, कौतुक नव्हतं मिळालं. आमच्या सासऱ्यांच्या वडिलांनी धुवून प्यालेल्या कपाचं कौतुक मी माझ्या चोरीसाठी उचललं. याची लाज मला पुढे आजाराहून जास्त वर्षं पुरली.

माती

सर गेले. आत्तींनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"मंगल, ते सर काय म्हनत हुतं ते मला काय बी कळलं न्हाय. पर तू लाल बी पेरतीस म्हनून लिवलंयस न्हवं?"

"आत्ती, ती कविता आहे. खरं बी नसतं ते. प्रतीक असतं. म्हणजे एक लिहायचं आणि दुसरं..."

"व्हय, व्हय. पर कुंडी तर खरी हाय की."

मी कुंडीकडे पाहिलं.

"मी जलमभर पेरनी केलीया. पेरलं की धा दिसांत वर येतंय. दोन म्हैनं तू रोज पानी घालालीस, काय बी उगवलं न्हाय. उलट झेंडू मेला."

त्या उठल्या, चुलीजवळचं उलथनं घेतलं आणि खिडकीशी गेल्या. मी "आत्ती, थांबा" म्हणत उठले. त्यांनी कुंडी खाली घेतली आणि जमिनीवर पालथी केली. तळाची माती लाल झालेली, चिकट. त्यात विरघळलेल्या कॅप्सूलची सालं आणि पांढऱ्या गोळ्यांचा लगदा. वरच्या थरातल्या चारपाच अजून आख्ख्या होत्या.

आत्ती ओरडतील असं मला वाटलं. आमच्याकडे हाक मारली तरी गल्ली गोळा होते. पण त्या खाली बसल्या आणि ती माती हातात घेऊन बघत राहिल्या.

"का गं?" एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, "कंटाळा आला, आत्ती."

याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. त्या उठल्या, हात धुतले, मनूच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला लावला आणि हात तिथंच ठेवला.

"हिकडं ये," त्या म्हणाल्या. "ही गाठ बघ."

मनू

पहिल्यांदा माझं निदान झालं तेव्हा मनूचीही तपासणी झाली होती. हातावर सुई टोचून तीन दिवसांनी बघतात, तशी. तेव्हा हात साफ होता. ह्या वेळी हात फुगला. गळ्यात गाठ आणि एक्सरेत लहानशी सावली. एवढ्याशा छातीचा तो एक्सरे डॉक्टरांनी खिडकीकडे धरला तेव्हा मी बघितलाच नाही. सुरेशनी बघितला. त्या दिवसानंतर सुरेश दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी त्यांची बाजू समजू शकत होते, म्हणून मलाही बोलता येत नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, "माझ्यामुळंच ना? मी सोडल्या त्या दिवसांत?"

ते म्हणाले, "लागण कधी झाली ते सांगता येत नाही. पहिल्या वेळेलाच झाली असेल, तेव्हा तपासणीत दिसली नसेल. तसंही होतं."

चांगले डॉक्टर होते. त्यांनी मला एक वाट ठेवली. पण मी गोळ्या मातीत घालत होते तेव्हा ती रोज माझ्या कुशीत, माझ्या श्वासाशी तोंड लावून झोपत होती, आणि वर्गात ऐंशी पोरं समोर बसत होती. मला त्या वाटेनं जाता आलं नाही. कॉलेजात मी स्वतः जाऊन खरं सांगितलं. पोरांच्या तपासण्या झाल्या, सुदैवानं कुणाला काही निघालं नाही. इनामदार सरांना वेगळं भेटून सांगितलं. ते खूप वेळ चष्मा पुसत राहिले. मग ते चार कागद त्यांनी मला परत दिले आणि "तब्येतीला जपा" म्हणाले. त्यानंतर आम्ही कवितेविषयी कधी बोललो नाही.

जिन्यातल्या मॅडम, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की तुम्हालाही कंटाळा येईल. तो आला की तो कुणाला तरी सरळ शब्दांत सांगा. मळमळतंय म्हणा, नको झालंय म्हणा, डॉक्टर गोळ्यांची वेळ बदलून देतात, उलटीवर औषध देतात. मला दिलं, दुसऱ्या खेपेला, मी तोंड उघडून मागितल्यावर. इतकं सोपं होतं ते. मनू आता चौदा वर्षांची आहे, घसा फाडून भांडते, धडधाकट आहे. मीही बरी आहे. पण ती बरी होण्याआधीचे दिवस सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

माझं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, सुयांसकट. मनूचंही. तिला गोळी कुटून गुळातून द्यायचो, ती थुंकायची. सुरेश हात धरायचे, मी नाक दाबायचे, ती किंचाळायची. पहिला आठवडा असा गेला की संध्याकाळी आम्ही सगळे मार खाल्ल्यागत बसायचो. आणि माझ्यासाठी आत्तींनी नवा नियम केला होता. गोळ्या गिळल्या की त्यांच्यासमोर तोंड उघडायचं. आता त्यांचा माझ्या 'घेतली'वर विश्वास नव्हता. मी पदवीधर बाई, पोरांना शिकवणारी, रोज सकाळी सासूसमोर आ करून उभी राहायचे. मनू ते लांबून बघायची.

आठव्या दिवशी आत्ती तिची गोळी कुटायला बसल्या तर ती आपणहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आधी तू."

मी चारही गोळ्या घेतल्या, पाणी प्याले.

"आ कर."

मी वाकून केला.

"जीभ वर कर."

मी जीभ वर केली. तिनं टाचा उंचावून आत पाहिलं, डावीकडं, उजवीकडं. मग तिचं ते चिमुकलं बोट माझ्या तोंडात घातलं आणि जिभेखालून फिरवलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं ते. बोट फ्रॉकला पुसून ती आज्जीकडं वळली.

"आज्जी, काय न्हाय. गिळलं हिनं."

मग तिनं आपलं तोंड उघडलं.